नाताळची सुट्टी आणि जानेवारीचं हजेरीबुक



परवा रात्री नातीचा व्हिडिओ कॉल आला. ती अमेरिकेत इंडियाना राज्यात शिकते. आमच्याकडे दापोऱ्यात जेवणं आटोपली होती, तिच्याकडे सकाळ. मागे पलंगावर उघडी बॅग, कपड्यांचा ढीग, भिंत उघडीबोडकी. म्हणाली, "आजोबा, फॉल सेमिस्टर संपलं एकदाचं. उद्या दुपारी बाराच्या आत खोली सोडायची. विंटर ब्रेकमध्ये होस्टेल बंद." मी आपला बँकेच्या सवयीने विचारलं, "मेसचे पैसे चुकते केलेस ना?" ती हसली. "ते आधीच भरलेले असतात हो. उलट थोडे उरलेत. जानेवारीत कॅरी फॉरवर्ड होतात."

कॅरी फॉरवर्ड. हा शब्द मी नोकरीच्या अडतीस वर्षांत किती वेळा लिहिला असेल, त्याचा हिशोब नाही. लेजरचं पान भरलं की खाली बेरीज, आणि 'पुढील पानावर नेली'. पण त्या रात्री तो शब्द कानात अडकून बसला. १९६९ चा डिसेंबर आठवला, इंदूरचं होस्टेल आठवलं, आणि नोटीस बोर्डावर माझ्याच अक्षरात लावलेला एक कागद आठवला. त्या कागदाबद्दल शेवटी लिहितो. आधी कॉलेजच्या डिसेंबरचा इतिहास सांगू द्या, कारण तो आपल्या भागातल्या घरोघरी घडला आहे आणि कुठे लिहिलेला नाही.

नातीला मी विचारलं, परीक्षा संपवून सुट्टीवर जायचं ही पद्धत तुमच्याकडे पहिल्यापासून का? तिला माहीत नव्हतं. मग मीच शोधलं. तर मंडळी, तिथेही ही पद्धत काही पुराणी नाही. मी बी.कॉम. करत होतो त्या सुमारापर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत पहिलं सेमिस्टर जानेवारीच्या अखेरीस संपायचं. पोरं नाताळला घरी जायची ती पुस्तकं बॅगेत घालून, आणि परीक्षा परत आल्यावर. साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या सुरुवातीला एकेका विद्यापीठाने सत्र ऑगस्टमध्ये सुरू करून परीक्षा नाताळच्या आधी उरकायला सुरुवात केली. हार्वर्डने तर हा बदल २००९ साली केला आणि प्रिन्स्टनने २०२० साली. म्हणजे सुट्टीत डोक्यावर परीक्षा ठेवायची की नाही, हा प्रश्न त्यांनाही शंभर वर्षं पडला होता.

आपल्याकडे प्रश्न वेगळाच होता.

आमच्या घरातून पहिल्यांदा कॉलेजात गेले ते माझे मोठे काका, १९४० नंतर, नागपूरला. आज पोरांना आश्चर्य वाटतं की बुऱ्हाणपूरजवळच्या खेड्यातला मुलगा जळगाव किंवा इंदूर सोडून नागपूरला का गेला. कारण सरळ आहे. निमाड जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, राजधानी नागपूर, आणि विद्यापीठही नागपूरचं, १९२३ साली स्थापन झालेलं. त्याआधी तर मध्यप्रांतातली कॉलेजं अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. काका बुऱ्हाणपूरला गाडीत बसायचे, भुसावळला बदलायचे, मग अकोला, बडनेरा, वर्धा करत नागपूर. वर्षातून तीनदा घरी. उन्हाळ्यात, दिवाळीत आणि 'बड्या दिना'ला.

बडा दिन म्हणजे नाताळ. आपल्याकडे दोन्ही शब्द चालायचे. आजीच्या तोंडी बडा दिन, तो हिंदीतून आलेला. नाताळ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, काकांच्या पोस्टकार्डात असायचा. गावात एकही ख्रिस्ती घर नव्हतं, पण काका नाताळला घरी येणार हे सगळ्या आळीला माहीत. आजी विचारायची, हा कुठला सण रे बाबा, ज्याला पोरगं घरी येतं आणि पुरणपोळी मात्र नसते?

हे वेळापत्रक इंग्रजांचं. साहेबाची कचेरी बंद, कोर्ट बंद, म्हणून कॉलेज बंद. दहा-बारा दिवस सगळा शिकलेला वर्ग एकदम मोकळा व्हायचा. याचा आपल्या लोकांनी मोठा हुशारीने उपयोग केला. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १८८५ साली मुंबईत भरलं ते २८ डिसेंबरला, आणि पुढे कितीतरी वर्षं अधिवेशनं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच व्हायची. वकील मोकळे, मास्तर मोकळे, विद्यार्थी मोकळे.

आपल्या भागाचं सांगायचं तर फैजपूर. २७ आणि २८ डिसेंबर १९३६. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि सगळं जुळवून आणणारे आपले खानदेशचे धनाजी नाना चौधरी. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्याच सामानातून मंडप सजवला होता. आमचे आजोबा दापोऱ्याहून बैलगाडीने गेले होते. जाताना दोन मुक्काम, येताना दोन. भाषणातलं त्यांना काय समजलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण तिथे पाणी वाढणारी, रांगा लावणारी कॉलेजची पोरं बघून ते परत आले आणि म्हणाले, थोरल्याला शिकवायचं. काका तेव्हा शाळेत होते. म्हणजे आमच्या घरात कॉलेज आलं ते नाताळच्या सुट्टीतून आलं, असं म्हटलं तरी चालेल.

पण साहेबाची सुट्टी आणि आपलं शेत यांचं कधी जमलं नाही. डिसेंबर म्हणजे आपल्याकडे कापसाची वेचणी चालू, तूर सोंगणीला आलेली, गव्हा-हरभऱ्याला पाणी, आणि केळी असेल तर थंडीची धास्ती. पारा दहाच्या खाली उतरला की केळीची वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात. आमच्या वेळी बसराई केळी असायची. थंडीच्या रात्री बांधाबांधाने काडीकचरा पेटवून धूर करायचा, बागेत ऊब राहावी म्हणून. तेव्हा कॉलेजातून आलेलं पोरगं म्हणजे घराला फुकटचा गडी. सुट्टी हा शब्द कॉलेजच्या नोटिशीत. घरी आल्यावर विळा हातात.

१९४८-४९ साली डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला होता. त्यांनी सुचवलं की परीक्षेचे दिवस सोडून वर्षात किमान १८० दिवस शिकवणं झालं पाहिजे, आणि वर्षाच्या तीन टर्म कराव्यात, प्रत्येकी सुमारे अकरा आठवड्यांच्या. चांगली सूचना होती. पण टर्म कितीही पाडा, त्या मधल्या सुट्टीत पोरगं घरी गेल्यावर परत येतं की नाही, हे मोजणारा रकाना मी तरी कुठल्या अहवालात पाहिला नाही.

काका बी.ए. होऊन परत आले तोपर्यंत नकाशाच बदलू लागला होता. १९४६ साली डॉ. हरिसिंग गौर यांनी स्वतःच्या कमाईतून सागर विद्यापीठ उभं केलं. मोठा कायदेपंडित माणूस, दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, नागपूरचेही कुलगुरू राहिलेले, आणि शेवटी जन्मगावी विद्यापीठ. ते गेले १९४९ साली, तेही २५ डिसेंबरला. महाकोशलातली कॉलेजं सागरकडे गेली. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो, राजधानी भोपाळ. बोलतो मराठी, सातबाऱ्याऐवजी खसरा, आणि परीक्षेचा पेपर हिंदीत. रावेर डोळ्यासमोर, पण ते परराज्य. खानदेशची पोरं पुणे विद्यापीठाची, आपली पोरं सागरची. नंतर १९६४ ला इंदूरला विद्यापीठ झालं. सुरुवातीला त्याचा पसारा फक्त इंदूर जिल्ह्यापुरता होता. निमाडची कॉलेजं त्यात पुढे आली.

मी १९६८ साली इंदूरला गेलो, बी.कॉम.ला. कॉलेजचं आणि होस्टेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इंदूर आपल्या माणसाला परकं वाटत नाही, होळकरांची पुण्याई. राजवाड्याभोवती मराठी ऐकू यायचं, सकाळी पोहे-जिलबी, आणि डिसेंबरच्या थंडीत सराफ्यात तळलेले गराडू. गिरण्या तेव्हा जोरात होत्या. आम्ही घड्याळ बघत नसू, भोंग्यावर उठायचो.

छमाही परीक्षा डिसेंबरच्या मध्यावर. तिचे गुण वार्षिक निकालात धरत नसत, त्यामुळे शहरातली पोरं ती अंगाला लावून घेत नसत. आम्ही खेड्यातली मात्र घाबरून अभ्यास करायचो, कारण निकालाचं कार्ड घरी जायचं. शेवटचा पेपर बहुधा बुककीपिंगचा. तो सुटला की दोन दिवस होस्टेलचा नूरच पालटायचा. स्नेहसंमेलनाच्या नाटकाच्या तालमी, कोणी गाद्या उन्हात टाकतोय, कोणी उधारी मागत फिरतोय. ट्रंका पत्र्याच्या, वळकट्या सुतळीने बांधलेल्या. ऑफिससमोर रेल्वे कन्सेशनच्या फॉर्मवर प्राचार्यांची सही घ्यायला रांग. त्या सहीशिवाय निम्म्या पोरांना घरी जाणं परवडत नसे. आणि प्राचार्य नेमके त्याच दिवशी कुठेतरी पाहुणे म्हणून गेलेले, हे दरवर्षीचं.

परतीचा प्रवास मला अजून पाठ आहे. इंदूरहून छोट्या लाइनची गाडी. महू, पातालपाणी, मग कालाकुंडचा घाट, बोगदे, जोडीला दुसरं इंजिन. मोरटक्क्याला नर्मदेचा पूल आला की सगळ्यांचे हात खिडकीबाहेर, पैसा-दोन पैसे नदीत. खंडव्याला उतरून मोठ्या लाइनची वाट बघत प्लॅटफॉर्मवर वळकटीवर बसायचं, कुडकुडत. मग बुऱ्हाणपूर. स्टेशनवरून घरच्यांसाठी पावशेर दराबा किंवा मावा जिलबी, खिशात जे उरलं असेल त्यावर. पुढे दापोऱ्यापर्यंत जे मिळेल ते, बस, बैलगाडी, नाहीतर पाय. ती छोटी लाइन आता बंद झाली. पातालपाणी ते कालाकुंड तेवढी हौशी लोकांसाठी गाडी चालते, काचेच्या मोठ्या खिडक्यांची. मुलाने एकदा नेलं होतं. फोटो छान आले.

आता मेसचं सांगतो. आमची मेस विद्यार्थीच चालवायचे. दरवर्षी एक मेस सेक्रेटरी निवडायचे, आणि दुसऱ्या वर्षाला ते काम माझ्याकडे आलं, कारण मी कॉमर्सचा आणि माझं अक्षर बरं. पद्धत अशी. महिनाभरात धान्य, तेल, डालडा, भाजी, लाकूड, महाराजांचा पगार, असा जो खर्च झाला त्याची बेरीज. मग एकूण किती डाएट झाले त्यांची बेरीज. पहिलीला दुसरीने भागलं की एका डाएटचा दर. ज्याचे जितके डाएट तितकं बिल. पाहुणा आणला तर गेस्ट डाएट, सलग काही दिवस गावी गेला तर रिबेट. महिन्याला माणशी ५० ते ५५ रुपये यायचे. डिसेंबरला मेस बंद होताना मात्र सगळा हिशोब मिटवावा लागे. उरलेलं गव्हाचं पोतं, डालड्याचा अर्धा डबा, कंट्रोलची साखर, यांचा क्लोजिंग स्टॉक धरायचा, किराणा दुकानदाराचं देणं द्यायचं, आणि ज्यांच्याकडे बाकी आहे त्यांच्याकडून ती वसूल करायची. मला त्या कामाची फार गोडी लागली होती. हे मोकळेपणाने कबूल करतो. ताळेबंद जुळला की होणारा आनंद मला पहिल्यांदा त्या मेसच्या खोलीत मिळाला, पुढे बँकेत मिळायचा तो नंतर.

त्याच वर्षी १९ जुलैला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. आमचे सर वर्गात म्हणाले होते, आता खेड्याखेड्यात शाखा निघतील, तुमच्यासारखी मुलं लागतील. तसंच झालं. १९७२ साली मी बँकेत लागलो.

आणि माझी डिसेंबरची सुट्टी कायमची गेली. तरुण मंडळींना माहीत नसेल, पण तेव्हा बँकांचं वर्ष एप्रिल-मार्च नव्हतं. जानेवारी ते डिसेंबर होतं. ३० जूनला अर्धवार्षिक क्लोजिंग, ३१ डिसेंबरला वार्षिक. पोरांच्या शाळा-कॉलेजला नाताळची सुट्टी लागली की आमची खरी परीक्षा सुरू. व्याज काढायचं, प्रत्येक लेजरचं बॅलन्सिंग, एक रुपयाचा फरक शोधायला दोन रात्री. बायको पोरांना घेऊन दापोऱ्याला, आणि मी शाखेत चहा आणि डोळ्यांत जागरण घेऊन. १९८८-८९ पासून वर्ष मार्चअखेर गेलं, तोपर्यंत आमची पोरं मोठी झाली होती. त्यांच्या लहानपणचे नाताळ मला फक्त ऐकून माहीत आहेत.

सेमिस्टरचंही सांगून टाकतो, कारण नातीच्या तोंडी तो शब्द ऐकून आमच्या शेजारी म्हणाले, आपल्याकडे नाही ना तसलं काही. आहे की. आयआयटीत होतंच. शेतकी विद्यापीठांत हा प्रकार बराच आधी आला. जबलपूरचं जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ १९६४ चं, त्याला अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची मदत होती. आपल्या साध्या कॉलेजांत मध्य प्रदेश सरकारने सेमिस्टर आणलं २००८ मध्ये. वर्षातून दोनदा परीक्षा, पण निकाल वेळेवर लागेनात, एका सेमिस्टरचा निकाल यायच्या आत दुसरं अर्धं संपलेलं. शेवटी २०१७ मध्ये पदवीला पुन्हा वार्षिक पद्धत. माझं मत विचाराल तर सेमिस्टर वाईट नव्हतं, कारकुनी कमी पडली. बँकेत असा कारभार केला असता तर ऑडिटरने सोडलं नसतं. आणि विद्यापीठ पुन्हा एकदा बदललं ते वेगळंच. २०२४ मध्ये खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ झालं, आणि बुऱ्हाणपूर जिल्हा इंदूरकडून तिकडे गेला. काका नागपूरचे, मी इंदूरचा, आणि आता शेजारची पोरगी खरगोनची. दापोरा जिथल्या तिथे आहे.

शेजारची पोरगी म्हटलं ते उगीच नाही. सकाळी बुऱ्हाणपूरच्या बसला थांबलेल्यांत आता मुली जास्त दिसतात. आमच्या वर्गात साठ-सत्तर पोरांत चार मुली होत्या, त्या चारही इंदूरच्या. माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा हुशार. सातवीनंतर घरी बसली. मी नाताळला घरी आलो की माझी कॉमर्सची पुस्तकं उघडून बसायची आणि विचारायची, नफा जमेच्या बाजूला कसा काय येतो रे दादा? तिला तो प्रश्न पडला यातच सगळं आलं. मला तेव्हा ते कळलं नाही.

आता तो कागद.

डिसेंबर १९६९. माझ्याबरोबर होस्टेलला आपल्याच भागातला एक सोबती होता. नाव, गाव लिहीत नाही. माझ्या खोलीपासून तिसरी खोली. गणितात माझ्यापेक्षा सरस, स्वभावाने अबोल. दोघं एकाच गाडीने यायचो-जायचो. त्या वर्षी त्याच्या घरून मनीऑर्डर दोन महिने आली नव्हती. मला माहीत होतं. त्याने मला सांगितलं नव्हतं, पण मेस सेक्रेटरीला सगळं माहीत असतं. त्याची बाकी ३८ रुपये.

वॉर्डनसाहेबांचा नियम होता की सुट्टीआधी थकबाकीदारांची यादी लावायची, आणि खाली लिहायचं की रक्कम आणल्याशिवाय जानेवारीत मेस मिळणार नाही. नियम त्यांचा, पण यादी माझी. मी ती सुंदर काढली. आखीव रकाने, लाल शाईने शीर्षक. अनुक्रम, नाव, खोली, रक्कम. आणि सर बुककीपिंगमध्ये शिकवायचे तसं, मोठी रक्कम वर, लहान खाली. सात नावं होती. त्याचं पहिलं.

मला ते पुढे ओढता आलं असतं. हे मी आज म्हणत नाही, मला तेव्हाही माहीत होतं. किराणावाल्याचं देणं जानेवारीत फिरवता येत होतं, तो तयार होता. दोघा-तिघांची बाकी मी मागच्या महिन्यात तशी नेलीही होती. पण वर्षअखेरीला ताळेबंद स्वच्छ दिसावा, एवढीच माझी हौस.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. तो यादीबद्दल एक अक्षर बोलला नाही. नर्मदेच्या पुलावर त्याने नाणं टाकलं नाही, हे मात्र माझ्या लक्षात राहिलं. बुऱ्हाणपूरला उतरलो, तो त्याच्या रस्त्याला, मी माझ्या.

जानेवारीत कॉलेज उघडलं. हजेरी झाली. सर त्याचा नंबर घेत आणि थोडं थांबत. पंधरा दिवस असं चाललं. मग एक दिवस तो नंबर न घेता पुढच्या नंबरवर गेले. त्याची ट्रंक होस्टेलच्या कोठीत पडून होती, ती उन्हाळ्यात त्याचा कोणी नातलग येऊन घेऊन गेला. ३८ रुपये देऊन.

चौदा वर्षांनी मी तापीकाठच्या एका शाखेत मॅनेजर होतो. ३० डिसेंबर १९८३. दुसऱ्या दिवशी क्लोजिंगसाठी बँक बंद, म्हणून त्या दिवशी झुंबड. कॅश दोनला बंद केली. चारच्या सुमारास शिपाई सांगत आला की एक शेतकरी बाहेर बसलाय, हटत नाही. बघतो तर तो. केस पांढरे, धोतर, टोपी. मी ओळखलं, त्यानेही. मुलगी जळगावला कॉलेजात होती, होस्टेलमध्ये. फीचा ड्राफ्ट हवा होता, २ जानेवारीच्या आत पोचला पाहिजे, नाहीतर खोली जाईल.

कॅश बंद झालेली. नियमाने मला ते करता येत नव्हतं. मी कॅशियरला परत बसवलं, त्याने कुरकुर केली, ड्राफ्ट केला, स्वतः सही केली आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो नीट वाचला, अक्षरी रक्कम, आकडी रक्कम, तारीख. मग घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. चहा आला. तेव्हा पहिल्यांदा बोलला.

"तू लिस्ट लावली व्हती, ते बरोबरच व्हतं. पैसे देणं व्हतेच. पन माझं नाव पह्यलं कामून टाकलं रे भाऊ?"

मी सांगितलं, रकमेप्रमाणे लावली होती. मोठी रक्कम आधी.

"दुसऱ्याचे किती व्हते?"

मला आठवत होतं. छत्तीस.

तो हसला. खरोखर हसला. म्हणाला, "म्हणजे दोन रुपयानं पह्यला आलो."

मी विचारलं, त्यामुळे आला नाहीस का परत? त्याने मान हलवली. त्या सुट्टीत बाप गाडीवरून पडला, पाय मोडला, कापूस शेतात उभा, मग कोण जातं कॉलेजला, असं तो म्हणाला. मला वाटतं ते खरं असावं. कधी वाटतं, त्याने मला सोडवलं. पुन्हा विचारायचा धीर मला झाला नाही, आणि आता तो नाही.

त्याची मुलगी पदवीधर झाली, शिक्षिका झाली. हे लिहिण्याआधी मी तिला फोन केला, बापाबद्दल लिहू का म्हणून विचारलं. म्हणाली, लिहा, नाव नका घालू. आणि म्हणाली, तो ड्राफ्ट घेऊन बाबा स्वतः जळगावला आले होते, पोस्टाने पाठवला नाही. २ तारखेला सकाळी होस्टेलच्या फाटकाशी उभे होते, फाटक उघडायच्या आधी.

मंडळी, आपल्या घरात, गोतावळ्यात असा कोणी असेल जो नाताळच्या सुट्टीत घरी आला आणि जानेवारीत परत गेला नाही, तर त्याला विचारून दोन ओळी लिहा. कोणतं साल, कोणतं कॉलेज, घरी काय झालं होतं. नावाची गरज नाही. मी एक वही घातली आहे. पहिल्या पानावर दोन नोंदी झाल्यात, एक त्याची आणि एक माझ्या बहिणीची. ती कधी गेलीच नव्हती, पण तिने हट्टाने लिहायला लावली.

नात काल सुखरूप मावशीकडे पोचली. तिकडे बर्फ पडतोय म्हणे. इथे काल रात्री केळीच्या बागेत धूर करावा लागला.